लहान मुलाचा ताप : घरची शुश्रूषा आणि तिच्या मर्यादा

एक ते तीन वर्षे वयाच्या मुलाला ताप येणे ही घरोघरी घडणारी गोष्ट आहे. या वयात मूल चालू लागते, हाताला येईल ती वस्तू तोंडात घालते, शेजारच्या मुलांत मिसळते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती तर पहिल्या वर्षातच ओसरलेली असते. त्यामुळे निकोप मुलालाही वर्षभरात सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होऊ शकते आणि त्याबरोबर अनेकदा तापही येतो. यांतील बहुतेक ताप विषाणूंमुळे आलेले असतात व तीन-चार दिवसांत आपोआप उतरतात. थोडे ताप मात्र असे असतात की, त्यांत एका दिवसाचा विलंबही मुलाच्या जिवावर बेतू शकतो. घरातील माणसांपुढे पहिला प्रश्न असतो तो हे दोन प्रकार वेगळे ओळखण्याचा. ताप कसा उतरवावा, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

छत्तीसगडची राजधानी रायपूर हे या विषयाच्या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण आहे. उन्हाळ्यात या शहराचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या जवळ जाते. पावसाळ्यात डासांचा उपद्रव वाढतो. आणि राज्याच्या दक्षिणेकडील बस्तरच्या वनप्रदेशात हिवतापाचे ठाणे आहे. शहरात १९६३ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. परंतु ताप बहुधा संध्याकाळनंतर चढतो आणि पहिली रात्र घरातच काढावी लागते. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील मराठी कुटुंब असो, की शहराच्या कडेला राहणारे छत्तीसगडी मजुराचे कुटुंब असो, त्या रात्री काय करावे व काय करू नये, हे दोघांनाही सारखेच ठाऊक असले पाहिजे.

ताप म्हणजे काय?

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग शरीराची उष्णता एका ठरावीक पातळीवर राखतो. जंतूंचा शिरकाव झाला, की रक्तातील पांढऱ्या पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ही पातळी वर सरकते. शरीराला आता जुनी उष्णता अपुरी वाटू लागते. म्हणून कातडीकडील रक्तप्रवाह आवळला जातो, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. कपाळ तापलेले आणि तळवे थंड, हे जे दृश्य पाहून घरातील माणसे घाबरतात, त्याचे कारण एवढेच, की ताप अजून चढत असतो. पातळी पुन्हा खाली आली, की घाम सुटतो व अंग निवते.

ताप हा स्वतः रोग नसून रोगाविरुद्ध शरीराने योजलेला एक उपाय आहे, याचा मोठा बोधप्रद पुरावा १९७५ साली अमेरिकेत मिळाला. मॅथ्यू क्लुगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना जातीच्या सरड्यांना रोगजंतूंची लागण केली. सरड्याला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. भोवतालची हवा जशी, तसे त्याचे अंग असते. उबदार जागी ठेवलेले सरडे मोठ्या संख्येने वाचले. थंड जागी ठेवलेल्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक होते. शरीराची वाढलेली उष्णता रोगाशी झुंजण्यास साहाय्य करते, हे यातून दिसून आले.

तरीही तापाची भीती फार खोलवर रुजलेली आहे. १९८० साली बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने पालकांच्या या भीतीचा अभ्यास करून तिला ‘तापभय’ अशा अर्थाचे नावच दिले. १०३ किंवा १०४ अंश फॅरनहाइट ताप आला, की मेंदूला इजा होते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः संसर्गामुळे येणारा ताप, उपचार न केले तरी, सहसा १०६ अंशांच्या पुढे जात नाही. कारण हायपोथॅलॅमसचा लगाम कायम असतो. मेंदूला अपाय होतो तो मेंदूज्वरासारख्या मूळ रोगामुळे, थर्मामीटरवरील आकड्यामुळे नव्हे.

ताप मोजण्याची रीत

कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, पण किती आहे ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकीय थर्मामीटर सुमारे फूटभर लांबीचा होता व तो बराच वेळ धरून ठेवावा लागे. १८६६ च्या सुमारास इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत ताप दाखवणारा थर्मामीटर बनवला. १८६८ साली जर्मनीतील कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून शरीराच्या उष्णतेविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ताप मोजणे हा रुग्णसेवेचा नित्य भाग झाला.

लहान मुलाचा ताप काखेत मोजावा. काख कोरडी पुसून थर्मामीटरचे टोक कातडीला नीट लागेल असे ठेवावे व मुलाचा हात अंगाशी धरून ठेवावा. अंकदर्शक थर्मामीटर आवाज करतो. पाऱ्याचा असल्यास पाच मिनिटे थांबावे. पाऱ्याची काचेची नळी मुलाच्या तोंडात कधीही देऊ नये. ती फुटण्याचा धोका असतो व पारा विषारी आहे. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक उष्णता आढळल्यास ताप समजावा. निरोगी मुलाचे अंगही पहाटेपेक्षा संध्याकाळी थोडे अधिक गरम असते, हे ध्यानात ठेवावे. मोजलेला ताप, वेळ आणि दिलेले औषध यांची नोंद एका कागदावर करावी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना या कागदाचा जितका उपयोग होतो, तितका ‘रात्रभर ताप होता’ या सांगण्याचा होत नाही.

पाणी, अन्न आणि पांघरूण

ताप असताना श्वासावाटे व कातडीवाटे शरीरातील पाणी अधिक जाते. लहान मुलाच्या शरीरात पाण्याचा साठा थोडा, त्यामुळे ही तूट लवकर जाणवते. म्हणून शुश्रूषेत पहिले स्थान पाण्याला आहे. अंगावर पिणाऱ्या मुलाला नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. इतर मुलांना उकळून गार केलेले पाणी, भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक, शहाळ्याचे पाणी यांपैकी जे रुचेल ते चमच्या-चमच्याने, थोड्या थोड्या वेळाने द्यावे. तापाबरोबर जुलाब असतील तर जलसंजीवनीचे पाकीट आणून त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावे.

तापात लंघन करावे, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. मोठ्या माणसाला एखादा दिवस भूक नसल्यास फारसे बिघडत नाही; पण दीड-दोन वर्षांच्या, त्यातून आधीच अशक्त असलेल्या मुलाला उपाशी ठेवणे घातक आहे. जबरदस्ती करू नये, परंतु मऊ भात, खिचडी, केळे असे हलके अन्न पुढे करीत राहावे. ताप गेल्यावर एक-दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे, म्हणजे घटलेले वजन भरून निघते.

मुलाला गोधडीत गुंडाळून घाम काढण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने अंगातील उष्णता कोंडली जाते. हुडहुडी भरली असेल तेवढ्यापुरते पातळ पांघरूण घालावे. एरवी एक सैल सुती अंगरखा पुरे. खोलीत हवा खेळती असावी. पंखा वा कूलर चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र झोत थेट मुलावर नसावा.

कपाळावर मिठाच्या पाण्याच्या किंवा कोलनवॉटरच्या घड्या ठेवण्याची रीत अनेक मराठी घरांत होती. मीठ मिसळल्याने काही विशेष लाभ होत नाही. कोलनवॉटर अथवा स्पिरिट तर वापरूच नये. त्यातील मद्यार्क कातडीतून व श्वासातून मुलाच्या शरीरात शिरतो. बर्फाच्या पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या आवळतात, मूल कुडकुडते आणि आतील उष्णता उलट वाढते. कोमट पाण्याने अंग पुसल्यास थोडा वेळ आराम पडतो; पण हायपोथॅलॅमसची पातळी वरच असल्याने ताप पुन्हा चढतो. मुलाला बरे वाटत असेल तर अंग पुसावे, ते रडून विरोध करीत असेल तर थांबावे.

औषधाची मात्रा

तापासाठी घरात देण्यास योग्य असे औषध एकच, ते म्हणजे पॅरासिटामॉल. ते हायपोथॅलॅमसमधील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते. त्याने रोग बरा होत नाही. अंगदुखी कमी होते, मूल पाणी पिऊ लागते, झोपते. म्हणून थर्मामीटरवर ताप दिसला की औषध, असा नियम करू नये. मूल अस्वस्थ असेल, किंवा काखेतील ताप १०१.३ अंशांच्या वर असेल, तेव्हा द्यावे. ताप चढूनही मूल खेळत असेल तर औषधाची घाई नाही. आणि झोपलेल्या मुलाला केवळ औषधासाठी उठवू नये.

मात्रा वयावरून न ठरवता वजनावरून ठरवावी. एका वेळी दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत, हे प्रमाण होय. १० किलो वजनाच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम औषध लागते. परंतु बाजारात हे औषध निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते, आणि चूक होते ती येथेच. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधाचे ६ मिलिलिटर द्यावे लागतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्याचे ३ मिलिलिटर. आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे केवळ दीड मिलिलिटर. थेंबांचे औषध चमच्याने मोजून दिले, तर मुलाच्या पोटात तिप्पट-चौपट मात्रा जाते. वरचेवर अधिक मात्रा गेल्यास यकृताला गंभीर इजा होते. म्हणून बाटलीवरील अक्षरे उजेडात वाचावीत, बाटलीबरोबर मिळणारे मापच वापरावे, आणि सर्दीच्या दुसऱ्या एखाद्या औषधातही पॅरासिटामॉल नाही ना, हे पाहून घ्यावे. औषध दिल्यावर ताप एक-दोन अंशांनीच उतरला तरी ते लागू पडले असे समजावे. तो पूर्ण उतरला म्हणून रोग साधा आहे, असेही ठरत नाही.

काही औषधे लहान मुलाला देऊच नयेत. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डग्लस राय यांनी मेंदू व यकृत यांना ग्रासणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्याशी त्याचा संबंध असल्याचे पुढे दिसून आले, आणि १९८० नंतरच्या दशकात मुलांच्या तापात अ‍ॅस्पिरिन वर्ज्य झाले. निमेसुलाइड हे औषध भारत सरकारने २०११ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद केले. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्यावाचून देऊ नये. डेंग्यूची शंका असताना तर मुळीच नाही. तापाबरोबर खोकला असला, की दुकानातून खोकल्याचे औषध आणले जाते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालकांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांतील अनेकांचे आजार साध्या ताप-खोकल्यापासून सुरू झाले होते. या वयातील साधा खोकला अशा औषधावाचून बरा होतो. मागच्या आजारातील उरलेले प्रतिजैविक औषध आपल्या मनाने देणे हेही तितकेच अयोग्य आहे.

ऋतू आणि ताप

एकाच शहरात ऋतूप्रमाणे तापाचा अर्थ बदलतो. मे महिन्याच्या अखेरीस, नवतप्याच्या दिवसांत, रायपुरात उष्ण वारे वाहतात. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत राहिलेल्या मुलाचे अंग तापले, तर तो ताप नसून ऊन लागण्याचा प्रकार असू शकतो. येथे हायपोथॅलॅमसची पातळी वर गेलेली नसते. बाहेरच्या उष्णतेपुढे शरीराची निवण्याची शक्ती संपलेली असते. म्हणून पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही, आणि संसर्गाच्या तापात असणारा वरचा लगामही येथे नसतो. अंग अतिशय तापलेले आहे, मूल गुंगीत आहे किंवा बरळते आहे, असे दिसल्यास त्याला तत्काळ सावलीत आणावे, कपडे काढावेत, सर्व अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि हे करीत असतानाच रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. वर गार पाण्याविषयी जे सांगितले ते संसर्गाच्या तापाला लागू आहे, या प्रसंगाला नाही.

पावसाळा सुरू झाला, की डासांमुळे होणारे ताप येतात. डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबाद येथे आढळले. तरीही सव्वाशे वर्षांनंतर हिवताप छत्तीसगडमधून गेलेला नाही. २०२० साली बस्तरमध्ये घरोघरी रक्त तपासण्याची मोहीम निघाली, तेव्हा अंगात परजीवी असूनही ताप नसलेली पुष्कळ माणसे आढळली. हिवतापाच्या प्रदेशात राहणाऱ्या किंवा तेथून नुकत्याच आलेल्या मुलाला ताप आल्यास केवळ लक्षणांवरून अंदाज करीत बसू नये. बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत तपासणी होते. ती त्याच दिवशी करून घ्यावी.

डेंग्यूची रीत निराळी आहे. २०१८ साली रायपूरजवळच्या भिलाईत त्याची मोठी साथ आली होती. या रोगात खरा धोका ताप उतरताना, सामान्यतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, निर्माण होतो. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होते, आणि त्याच वेळी मुलाचे पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, हातपाय गार पडतात. चढत्या तापातील गार तळव्यांची भीती नको. ताप उतरल्यानंतरच्या गार हातपायांची मात्र धरली पाहिजे.

तापातील आकडी

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा दोन ते पाच जणांना तापात कधीतरी आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन झटके देतात. हे दृश्य भयंकर असले, तरी बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आकडी थांबते आणि मुलाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होत नाही. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी वा औषध घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही साधत नाही. वेळ मात्र जातो. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, पुन्हा आली, किंवा नंतर मूल शुद्धीवर आले नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पहिल्यांदाच आकडी आलेल्या मुलाला, ती थांबली तरी, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

घराची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने बालरोगांच्या एकत्रित उपचारासाठी धोक्याची जी लक्षणे निश्चित केली आहेत, ती शिक्षण नसलेल्या आईलाही ओळखता येतील अशी आहेत. मूल काहीच पीत नाही. जे घेते ते सर्व उलटून टाकते. त्याला आकडी आली आहे. ते गुंगीत आहे किंवा जागे होत नाही. यांपैकी एक लक्षण दिसले तरी रात्र संपण्याची वाट पाहू नये. त्यांच्या जोडीला श्वास मोजावा. मूल शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहावी. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास दुखणे गंभीर समजावे. मान ताठ होणे, अंगावर दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके उठणे, सहा-आठ तास लघवी न होणे, हीदेखील धोक्याचीच चिन्हे होत. तीन महिन्यांखालील अर्भकाचा कोणताही ताप घरी हाताळू नये. इतर मुलांचा ताप तीन दिवसांत न उतरल्यास, मूल वरवर बरे दिसत असले तरी, त्याला तपासून घ्यावे.

दात येताना मुलाचे अंग किंचित कोमट होते. पण १०१-१०२ अंशांचा ताप दातांमुळे येत नाही. ‘दात येत आहेत’ या एका वाक्यामुळे अनेक मुलांचे निदान लांबणीवर पडते. दृष्ट काढल्याने घराला धीर येत असेल तर ती काढावी. पण त्यापायी रुग्णालयाची वाट लांबू नये.

घर आणि रुग्णालय यांमधील अंतर कमी करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न रायपूरमधूनच झाला. छत्तीसगडी समाजात विधिपूर्वक जोडलेल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला ‘मितानिन’ म्हणतात. हेच नाव घेऊन २००२ साली राज्यात आरोग्यसेविकांची योजना सुरू झाली. पाड्यापाड्यातून तेथल्याच एका स्त्रीची निवड करून तिला शिक्षण देण्यात आले व साध्या औषधांची पेटी सोपवण्यात आली. २००५ नंतर देशभर सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेपुढे हे एक उदाहरण होते. तापलेले मूल पाहण्यासाठी मितानिन घरात येते, ते पीत आहे का हे विचारते, श्वास मोजते, रक्ताची तपासणी करते आणि धोक्याचे चिन्ह दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावते. यांतील तपासणीचा भाग वगळला, तर बाकीचे सर्व कोणत्याही आईला, आजीला वा वडिलांना शिकता येण्याजोगे आहे.

तापलेल्या मुलाजवळ बसणाऱ्याने थर्मामीटरकडे दोन-चार तासांतून एकदा पाहिले तरी पुरेसे आहे; मुलाकडे मात्र सतत पाहिले पाहिजे. ताप १०३ अंश असूनही जे मूल औषधानंतर डोळे उघडून आईकडे पाहते, पाणी मागते, लघवी करते, त्याची रात्र घरी निघू शकते. ताप केवळ १०० अंश असून जे मूल मलूल पडले आहे, पिण्यास तोंड फिरवते आहे, ज्याचा श्वास भराभर चालला आहे, त्याला उचलून दवाखान्याच्या वाटेला लागावे.